दिवेलागणीचं जेवण

१२ डिसेंबर, शुक्रवार
भरीत, भाकर, ठेचा. जेवली साडेदहाले. झोप नाई. छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी. भिंतीले टेकून बसल्या बसल्या उजाडलं.
डाक्टरीन बाई म्हणे रोज लिहा. काय खाल्लं, कधी खाल्लं, झोप लागली का. लिहून राह्यली. चौथीलोकच शिकली, चुकलं तर चुकलं.

१३ डिसें.
वरण-भाकर. उशिरा. झोप नाई.
कापसाचे दिवस. हे जिनिंग कारखान्यातून रात्री दहाले येतात, मग मी गरम भाकरी टाकते अन् दोघं समोरासमोर जेवतो. दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं. पोरगी मोताळ्याले सासरी, फोन केला तर केला. जेवलं की लगेच आडवं. बाई म्हणे हेच तुमचं दुखणं. दिवेलागणीले जेवा. मी म्हटलं, तुम्ही कोणासंग जेवता? हसली अन् गोळ्या लिहून दिल्या.

१५, सोमवार
मुगाची डाळ, भाकर. दिवेलागणीले. एकटी. सासू असती तर म्हणली असती, माणूस उपाशी अन् बाई जेवून बसली. तिले कुठं जळजळ होती.
हे आले, वाढलं.
"तुह्यं ताट?"
"झालं माह्यं."
जेवले. आज काहीच सांगतलं नाई.
झोप लागली.

१८ डिसें.
डाळ, भाकर. झोप बरी. बाईनं सांगतलं तशा खाटेच्या उशाकडच्या पायांखाली इटा घातल्या, आंबट पाणी वर चढू नाई म्हणून. शेजारची जैबुनभाभी म्हणे, खाट काऊन उताराले लावली, झोपेत घसरून अंगणात जाशीन. हसली मी. लय दिवसानं.

२१, रविवार
झोप इतकी की काल हे कधी आले, कळलंच नाई. सकाळी ताट घासून उपडं ठेवलेलं. उठवलं काऊन नाई, इचारलं. म्हणे, "डाक्टरीननं झोप सांगतली ना तुले."
बरोबर हाय. तरी राग आला. कोणाचा, माहीत नाई.

२४ डिसें.
झाकून ठेवलेलं तसंच राह्यलं. कालही. जिनिंगपाशी गाडीवर कचोऱ्या खातात म्हणे.
"घरी अन्न नाई का?"
"एकट्यानं बसवत नाई व."
अन् मी काय पंगतीत बसते रोज?

२५ डिसें.
झोप नाई. हे रात्रभर कुशी बदलत होते. छातीवर हात फिरवत होते. इचारलं तर म्हणे काई नाई. मले शिकवतात.
सकाळी माह्या इटा काढून त्यायच्या खाटेले लावल्या.

२६, शुक्रवार
जैबुनभाभीचा पोरगा जिनिंगवरच हमालीले. तो म्हणे, सांजच्याले चहाची सुट्टी असते. डबा बांधला. दोघांचा. लोकं हसतील, हसोत. फाटकावरचा बाईले आत सोडते का नाई, काय माहीत. अन् हे काय म्हणतीन तेही.
डाळ, भाकर, ठेचा नाई. कधी खाल्लं, ते मी घरी आल्यावर लिहीन.