दिगूचं मराठी

१० जाने., शुक्र. मलकपेठ, हैदराबाद
संक्रांतीला जोडून आमच्या प्रसादला सुट्टी. सूनबाईंनी तंबू आणलाय. कोटपल्लीच्या तळ्याकाठी जाऊन राहायचं म्हणे, जमिनीवर झोपायचं. म्हटलं, सत्तरी उलटल्यावर जमिनीवर झोपायला एवढ्या लांब कशाला, इथं फरशी आहे की. स्रवंती म्हणाली, "मामय्या, तुमच्यासाठी घडीची खाट घेतलीय. नखरे नक्को." सासऱ्याला मामय्या म्हणते. तेलुगू घरातली पोर, पण माझ्यासाठी मराठी शिकली. तोडकंमोडकं, तरी गोड.

खरं म्हणजे मी तयार झालो तो दिगूसाठी. तांडूर तिथून जवळ. दिवाळीआधी त्याला अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेच सावरले. परवा त्याच्या घरून शांतावहिनींचा फोन. "भाऊजी, मराठी गेलंय त्यांचं. समजतं सगळं, तोंडातून निघत नाही. निघतं ते तेलुगू. या गावात मराठी बोलायला मी एकटी. तुम्ही या. तुमच्याशी बोलतील."

असं कुठं असतं का? लग्नाआधी आम्ही दोघं नारायणगुड्याच्या एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर जेवलो. मी सायकलच्या दुकानात, तो रोजगार शोधत. त्याच्या मराठी शिव्या गल्लीतल्या पोरांना पाठ होत्या. पुढं तांडूरच्या फरशीच्या कारखान्यात सुपरवायझर झाला. जन्म गेला तिथं, तेलुगू कामगारांत. पण म्हणून...

तिळाचे लाडू बांधून घेतले.

१३, सोम. तळ्याकाठी
वारा फार. तंबू दोनदा आडवा झाला. प्रसाद मोबाइलात बघून खुंट्या ठोकतो. स्रवंतीनं चुलीवर खिचडी केली, धूर लागलेली, पण मी दोनदा घेतली. पाण्यावर बगळे. बरं वाटतंय. खाट करकरते.

१४, मंगळ. संक्रांत
तांडूरला जाऊन आलो.

दिगू दारातच खुर्ची टाकून बसला होता. मला बघून तोंडभर हसला. "एप्पुडु वच्चिनवु रा?" कधी आलास रे, एवढंच. म्हटलं, "हा काय, आत्ताच येतोय लेका. बस म्हण की!" हसला. डाव्या हातानं माझी पाठ थोपटली. बस काही म्हणाला नाही.

तळहातावर तिळगूळ ठेवला, नेहमीचं वाक्य म्हटलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर धरून उभ्या. हे तरी येईल, वर्षानुवर्षं म्हटलेलं. दिगूनं लाडू खाल्ला. "मंचिगुंदि." छान आहे म्हणाला. वहिनी आत वळल्या.

मग मी लागलो एकेक काढायला. घरमालकाची म्हातारी, आपली खोली, तू रॉकेल सांडलंस तो दिवस. डोळे चमकायचे त्याचे. ओठ हलायचे. मग मांडीवर हात आपटायचा. चेन उतरलेल्या सायकलसारखं. पायडल फिरतं, चाक जागचं हलत नाही.

आणि स्रवंतीशी? तासभर गप्पा. कुठली फरशी कापताना फुटते, कुठली पायाला थंड लागते. तीही विचारत राहिली. दोघं हसत होते. माझं तेलुगू चार वाक्यांपुरतं, कळलं ते फरशीचंच; मी आपला मध्येच मान हलवायचो.

वहिनी भाकऱ्या थापताना म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून 'अगं' म्हणून हाक मारायचे. नावानं कधी नाही. आता 'एमे' म्हणतात. अर्थ तोच हो. पण मी दोनदा वळलेच नाही, वाटलं शेजारची बाई कुणाला बोलावतेय."

पुण्याला असते ती त्यांची मुलगी रोज फोनवर मराठी बोलते म्हणे. हा ऐकतो, डोळे पुसतो, फोन बाजूला ठेवतो.

मला हाक मारणारी जाऊन किती दिवस झाले. भाकरी मात्र तीच, पहिल्यासारखी. उद्या दोघांना तळ्यावर आणायचं ठरलं.

१५, बुध.
आज काय झालं ते नीट लिहितो.

प्रसादनं दोघांना गाडीतून आणलं. दिगूला सावलीत बसवलं. गार वाऱ्यानं खुलला. वहिनी गाडीपलीकडं पेरू चिरत होत्या. तंबूची एक दोरी सैल झाली, मी बांधायला गेलो. निसटली. परत बांधली. परत निसटली. आणि मागून—

"सोड रे रघ्या! गाठ अशी नसते मारायची!"

स्वच्छ. खणखणीत. दोरी माझ्या हातातच राहिली. रघ्या म्हणणारं आता या जगात दुसरं कोणी नाही.

वहिनी सुरीसकट धावत आल्या. "काय म्हणालात? परत म्हणा. अहो म्हणा ना. मला म्हणा काहीतरी."

दिगू त्यांच्याकडं बघायला लागला, मग माझ्याकडं. ओठ हलले. कपाळावर घाम. वहिनी वाकून त्याच्या तोंडाकडं बघताहेत, मीही, प्रसादही. सगळ्यांनी घेरलं बिचाऱ्याला. डोळे भरले त्याचे. मग हल्लू म्हणाला, "एमे... इंटिकि पोदां."

घरी जाऊ.

वहिनींनी सुरी खाली ठेवली. "हौ. जाऊ."

पेरू तसेच राहिले. मुंग्या लागल्या.

१६, गुरु. मलकपेठ
परत आलो. गाडीत स्रवंतीनं सोललेलं संत्रं माझ्या हातात ठेवलं. मग म्हणाली, "मामय्या, राग येऊ देऊ नका. काकू आणि तुम्ही त्यांना परीक्षेला बसवता."

मी चिडलो. म्हटलं, "तुझ्याशी बोलतो ना तो, तुला काय कळणार?"

शादनगरच्या फाट्यावर... नाही, तिकडून आलोच नाही आम्ही, डोकं ठिकाणावर नाही. चहाला थांबलो तेव्हा तिनंच माझ्या कपावर बशी झाकली. म्हणाली, "ते मला काय सांगत होते, ठाऊक आहे? फरशीचं थोडंच. जास्त काकूंचं. काकूंचा गुडघा दुखतो, जिना चढताना भिंत धरतात, सांगत नाहीत. हैदराबादला दाखवाल का, म्हणत होते."

मी तिथंच बसून होतो आणि मला कळलं नाही.

स्रवंतीला सॉरी म्हटलं. "असू द्या हो," म्हणाली.

२४, शुक्र.
स्रवंतीनं दिलसुखनगरात एक डॉक्टरीणबाई शोधल्यात, झटक्यानंतर बोलणं शिकवतात. त्यांचा एकच प्रश्न. सुरुवात कुठल्या भाषेत करायची? दोन्ही एकदम घेतल्या तर हा पेशंट गोंधळेल. येतेय ती धरली तर लवकर मोकळा बोलेल. मराठी धरली तर वेळ लागेल, येईलच असं सांगता येत नाही. घरच्यांनी ठरवून या.

वहिनींना फोन लावला. सगळं सांगितलं.

"तुम्ही काय म्हणता भाऊजी?"

काय म्हणू? दिगू लवकर बोलावा, असंच वाटतं. आणि त्या एका 'रघ्या'साठी जीव तळमळतो, हेही खरं. म्हटलं, "तुम्ही म्हणाल ते."

"तेलुगू मला येत नाही असं नाही हो. भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी रोज बोलते. पण हे काय भाजीवाले आहेत का?"

मग मी गुडघ्याचं सांगितलं. सांगावं की नाही, कळत नव्हतं, पण निघून गेलं तोंडातून.

"मला नाही कधी म्हणाले." मग स्वतःच, "म्हणाले असतील. मी मराठीची वाट बघत बसले होते ना."

फोन त्यांनीच ठेवला.

२ फेब्रु., रवि.
दोघं आलेत. उद्या सकाळी डॉक्टरीणबाई, नंतर वहिनींचा गुडघा. स्रवंतीनं माझी खोली त्यांना दिली, मी हॉलमध्ये, त्या करकरत्या खाटेवर.

दुपारी दिगूनं हाक मारली. "एमे, नीळ्ळु." वहिनी पहिल्या हाकेला उठल्या. पाणी दिलं. आणि मग, थोडं लाजत, म्हणाल्या, "इंका कावाला?" आणखी हवं का. दिगू बघतच राहिला. पेला हातात तसाच. मग जो सुटला! काय काय सांगत होता. वहिनींना निम्मं कळत असेल, मला पावही नाही. "हल्लू, हल्लू," म्हणत होत्या, आणि हसत होत्या. मग उठून आत गेल्या, नळ सोडून कितीतरी वेळ भांडी घासत बसल्या. घासलेलीच भांडी.

संध्याकाळी मी हळूच विचारलं, "ठरलं का वहिनी? उद्या काय सांगायचं?"

म्हणाल्या, "तुम्ही विचारता, स्रवंती विचारते, मुलगी फोनवर विचारते. आपणच ठरवतोय सगळे. त्यांना कुणी विचारलंय?"

दिगू समोरच बसला होता. आळीपाळीनं आमच्याकडं बघत होता. मी खाली बघितलं.

वहिनींनी खुर्ची ओढली, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून त्याच्यापुढं बसल्या आणि विचारलं. अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत. काय हवंय तुम्हाला, असं.

दिगूनं तोंड उघडलं. मिटलं. मी पुढं सरकलो तर वहिनींनी मागं न बघताच मला हातानं थांबवलं. घाई नको.

बाहेर व्हरांड्यात येऊन बसलोय, हे लिहितोय. दार उघडंच आहे. अजून आतून आवाज नाही. वहिनीही काही बोलत नाहीत, बसून आहेत.