रबरावर उडणारे विमान कोणाला द्यावे

मी, वैजयंती भूपेंद्र महाजन, वय बहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार लालबाग, बुऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शरीर थकले आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या भीतीने वा आग्रहाने लिहीत नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. लालबागचे राहते घर, बँकेतील ठेव व दागिने माझी मुलगी रश्मी हिला द्यावेत. घर तिने खुशाल विकावे. रिकामे घर झाडायला इंदूरहून येत बसू नये.

२. शिवणयंत्र शेजारच्या कविताला. ते तिच्याकडेच असते; आता परत आणून ठेवण्याचा त्रास नको.

३. घराबाबत पुढे हरकत निघू नये म्हणून हे लिहिते. यजमानांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणे दोन-चार शब्दांवर आले. धाकटे दीर पंडितभाऊ दापोऱ्याहून आले आणि पलंगाशी उभे राहून म्हणाले, "वहिनी, दादाला आता काही समजत नाही. घर माझ्या नावावर करून टाकू. कागद करून आणतो, अंगठा घेऊन घ्या." यजमानांच्या डोळ्यांतून पाणी आले. पंडितभाऊ म्हणाले, "ते आजारानं येतं."

४. यजमानांनी तरुणपणी एका छंदाच्या मासिकातला रबरावर उडणाऱ्या विमानाचा नकाशा जपला होता. नोकरीत करायचे राहून गेले. तो मी त्यांच्यापुढे धरला, निदान बघतील म्हणून. त्यांनी डाव्या हाताचे बोट पंखावर ठेवले आणि म्हणाले, "कर."

मी आयुष्यभर भूगोल शिकवला, खिळा कधी ठोकला नव्हता. नकाशातले हलके लाकूड इथे मिळेना. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि नाकावरच्या फिरत्या पंख्याला पांगाऱ्याचे हलके लाकूड, यावर भागवले. चुकले की ते "नाही" म्हणत; बरोबर असले तर काहीच म्हणत नसत. पंख तयार झाल्यावर "नाही" म्हणाले. एक बाजू वाकडी होती. सगळा पंख उसवला आणि त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

५. यजमानांचे दापोऱ्याचे मित्र देवरामभाऊ यांच्या शेतात केळी काढून मोकळ्या झालेल्या तुकड्यात विमान उडवायचे ठरले. यजमानांची खाट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेली. नेमके त्याच दिवशी पंडितभाऊ वकिलांना घेऊन घरी आले आणि कुलूप पाहून, शेजारी विचारून शेतात पोचले. विमान पहिल्यांदा तोंडावर पडले. पंडितभाऊ वकिलांना म्हणाले, "बघा, घरात माणूस असा, आणि वहिनी खेळतेय."

यजमान म्हणाले, "नाक. जड."

मी शेपटीला ओली माती लावली. यावेळी विमान चढले, केळीच्या बागेवरून वळले आणि मान दुखेपर्यंत वर राहिले. यजमान हसत होते, आवाज काढून. वकील म्हणाले, "पंडितजी, इनको तो सब समझ में आता है." कागद पिशवीतून निघालाच नाही. पुढे यजमानांनी रजिस्ट्रारसमोर डाव्या हाताने सही करून घर माझ्या नावे केले. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले.

६. ते विमान व नकाशा पंडितभाऊंना द्यावा. रश्मी, तू चिडशील. मी त्यांना माफ केलेले नाही. पण राग धरून ठेवायलाही बळ लागते, ते आता नाही. दिवाळीपासून तेही त्याच दुखण्याने खाटेवर आहेत. मी बघायला गेले, तर त्यांचा मुलगा योगेश त्यांच्यासमोरच म्हणाला, "मोठी आई, बाबांना काही समजत नाही." पंडितभाऊ माझ्याकडे बघत होते. मला तिथे बसवेना.

योगेशने नकाशा त्यांच्यापुढे धरावा. घाई करू नये.

७. मला नळ्या लावून ठेवू नये. तापीकाठी साधे क्रियाकर्म करावे, जेवणावळ घालू नये.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यादेखत सही केली.

वैजयंती भूपेंद्र महाजन

साक्षीदार:
१. देवराम भाईदास चौधरी, दापोरा
२. डॉ. शीतल सुधाकर पाटील, लालबाग

बुऱ्हाणपूर, ३ मार्च २०२५