टेबलावरचं लोखंडी वजन

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मी शिकवलेल्या काव्यशास्त्रात तू कच्चा राहिलास, पण दंडनीती तुला उपजतच येते, हे आता मान्य करतो.

वस्ती समितीच्या शनिवारच्या संवादसभेचा नियम माझाच होता. माझ्या टेबलावरचं लोखंडी वजन ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. शिंपी ते धरून शांतपणे म्हणाला, "वस्तीत नवे असलो म्हणून काय झालं? समितीत आमचाही एक माणूस घ्या." मग त्याने वजन तुला दिलं. "ही घे तुझी जागा!" म्हणत तू ते त्याच्या तोंडावर हाणलंस. तो पडल्यावरही हाणत राहिलास. हाड फुटल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. आणि आम्ही चाळीस शहाणे गप्प! वजन तुझ्या हातात होतं ना.

पोलिसांना मी सांगितलं, "गर्दीत कोणी मारलं ते दिसलं नाही." मी अध्यक्ष, बसलेलो पहिल्या रांगेत, आणि चष्माही नवा.

आज शिंप्याची बायको आली. त्याचा डावा डोळा गेला. बाकाखाली सापडलेलं ते वजन, वाळल्या रक्तासकट, तिने माझ्यापुढे ठेवलं.

"सर, आता तुमची पाळी. बोला."

हे पत्र मिळालं तर तू पळशील, म्हणून टाकत नाही. वजन पिशवीत घालून चौकीवर निघालोय. पोलीस आले की दार तूच उघड रे. बायकोला पुढे करू नकोस.

सगळं पाहिलेला,
तुझा दादा