चामखिळीला अठरा टाके

अहो,
जेवण झाकून ठेवलंय. मी तुमच्या हॉस्पिटलात जातेय.
पाठीवरची चामखीळ काढली म्हणालात ना? काल ड्रेसिंग बदलताना मोजले, अठरा टाके! तीस वर्षं कपडे शिवतेय मी. एवढ्याशा भोकासाठी कुणी वीतभर कापत नाही. आजूबाजूचं कापड विरलंय अशी शंका आली तरच कापतात. म्हणून तुम्ही कपाटामागे लपवलेली हॉस्पिटलची फाइल काढली. कातडीचा कॅन्सर, तोही लाखात एखाद्याला होणारा. लेकीला विचारलं, तर तिला एकदम ठसका लागला. म्हणजे तिला ठाऊक, मलाच नाही!
डॉक्टरांना एकच विचारणार आहे, कापलेल्या तुकड्याची कड निरोगी निघाली का. तुमच्या तोंडून ऐकलं तर विश्वास बसायचा नाही.
पाठ टेकू नका. टाके उसवतील.