धारोष्ण दूध

मावशी, तुम्ही मातीआड होऊन इतकी वर्षं झाली की मिशनच्या कंपाउंडातली तुमची खोलीही आता उरलेली नाही. तरी आज सकाळपासून तुमच्याशी बोलायचं मनात घोळतंय. माझी शाळा चौथीला सुटली, पुढचं सगळं जुन्या वर्तमानपत्रांवर आणि सोसायटीच्या परिपत्रकांवर बोट ठेवून शिकलेलो, तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या. सांभाळून घ्यायची तुम्हाला सवयच होती. आणि खरं सांगायचं तर त्या सवयीवरच माझा पहिल्यापासून संशय होता.

जळकोट-अणदूरच्या मधल्या आपल्या पट्ट्यात मोठ्या दुष्काळानं माणसांना एकमेकांकडं तिरकं बघायला शिकवलं होतं. सरकारी मदतीची सुकडी वाटणारा आधी आपल्या घरी किती नेतो, खडी फोडायच्या कामावर कुणाची खोटी हजेरी लागते, टँकर कुणाच्या दारात जास्त वेळ थांबतो, सगळ्यांचं लक्ष तिथं. त्यातून बाहेर पडतोय तोवर गावात दूध सोसायटी निघाली आणि मी तिचा सचिव झालो. म्हणजे संशय घेणं हे माझं कामच झालं. तुम्ही साठीच्या, विधवा, एका गावरान गाईच्या धनीण. दुष्काळात त्या गाईशेजारी छावणीत गोणपाट टाकून तुम्ही दोन महिने काढले होते. लोक म्हणायचे, मावशी लई भोळी. मला भोळं माणूस दिसलं की आधी त्याच्या हाताकडं बघायची खोड.

रविवारी तुम्ही तुमच्या देवळातल्या लेकरांच्या शाळेत जाऊन बसायच्या. मला वाटायचं शिकवत असाल. एकदा सायकल टेकवून खिडकीतून बघितलं तर तुम्ही पाटी मांडीवर घेऊन पोरांच्या रांगेत, आणि सहा वर्षांची एक पोरगी तुम्हाला दटावतेय, "आजे, किती डाव सांगू? ह्यो 'ध' हाय." तुम्ही म्हणताय, "आणिक एकदा सांग गं माय. न्हाय राहत डोक्यात." पोरगी सुस्कारा सोडते, तुमचा हात धरून गिरवून घेते, आणि तुम्ही तिच्याकडं मोठ्या मास्तरकडं बघावं तसं बघता. मी तिथून निघताना मनात म्हटलं, पाळकसाहेबांना दाखवायला चाललंय हे सगळं. म्हातारं माणूस खरोखर इतकं लहान होत नसतं.

सोसायटीला सामानाचं खोकं आलं त्यात लॅक्टोमीटर होता, काचेची काडी. दुधात सोडायची, दूध पातळ असलं की ती जास्त बुडते. माझ्यासाठी ती काडी म्हणजे न्यायाधीश. आणि तुमच्या दुधात ती रोज बुडायची.

"मावशी, पाणी हाय ह्याच्यात."

"न्हाय वं दादा, म्या न्हाय घातलं."

रांगेतला एक जण म्हणाला, "त्यांच्या देवानं पाण्याची दारू केली म्हणं. मावशीनं दुधाचं पाणी केलं." सगळी रांग हसली. तुम्हीही हसलात, तोंडाला पदर लावून. तिथं माझा संशय पक्का झाला. चोर असेल तर चिडेल, चोर नसेल तरी चिडेल. हसणारं हे कोण? दुसऱ्या दिवशी तुम्ही चरवी आणली ती लखलखीत. म्हणालात, "विसळल्यालं पाणी राहत असंल तळाला, म्हणून रातभर पालथी घातली हुती." काडी बुडालीच.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी तुमच्या गोठ्यामागच्या बोरीआड जाऊन उभा राहिलो. तुम्ही गाईच्या कपाळाला हात लावून डोळे मिटले, काहीतरी पुटपुटलात, आणि मग माझ्याकडं न बघताच म्हणालात, "दादा, तिथं काटं हायती. आत या, पोत्यावर बसा." मी बसलो. तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत धार काढली. पाण्याचा थेंब कुठं नव्हता. मग चरवी उचलून तुम्ही जवळजवळ पळतच निघालात. "सोसायटीचं हाय, ताजं पोचाय पायजे," म्हणत. मी मागोमाग. तुमच्या हातातून चरवी घेतली तेव्हा ती चांगली ऊन लागत होती, हे मला अजून तळहाताला आठवतं. काडी सोडली. बुडाली. माझ्या डोळ्यांनी पाणी पाहिलं नव्हतं, काच म्हणत होती आहे. मी काचेवर विश्वास ठेवला. वरून असंही वाटलं की, म्हातारी फारच तयारीची आहे. त्याच दिवशी तुमचं दूध बंद केलं. ते तुम्ही कंपाउंडातल्या पोरांना पाजायला लागलात, तेही मला दिखाव्याचंच वाटलं.

महिन्यातल्या पहिल्या रविवारी तुमच्यात प्रभुभोजन असतं, देवळात भाकर मोडून सगळ्यांना वाटतात. त्याच्या आदल्या शनिवारी तुम्ही माझ्या दारात आलात. चपला पार फाटकाशी काढलेल्या. "दादा, तुमच्या मनात माझ्याबद्दल वाईट हाय. तसं ठिवून मला उद्या त्या भाकरीला हात लावता येत न्हाय. माझं काय चुकलं आसंल तर माफी करा." मी विचार करतोय, हिला काय हवंय? दूध परत चालू करून घ्यायचंय, का मला चारचौघांत खाली बघायला लावायचंय? मी म्हणालो, "आधी कबूल करा पाणी घातलं म्हणून. लगेच मन साफ." तुम्ही म्हणालात, "न घातल्यालं घातलं कसं म्हनू? लबाडी हुईल ती." आणि गेलात.

पाच महिने हे चाललं. दर प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तुम्ही यायच्या, मी तेच म्हणायचो. कंपाउंडातला एक दूधवाला सांगायचा, म्हातारी मागच्या बाकावर बसते, ताट आलं की शेजारणीकडं सरकवते, आणि लेकरांच्या शाळेत मात्र पहिल्यासारखीच हसते. पाच महिने तुम्ही उपाशी राहिलात म्हणा ना, आणि ताट माझ्या हातात होतं.

मग मला धाराशिवला, तेव्हा उस्मानाबादच म्हणायचो, तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवणारे साहेब म्हणाले, "धारोष्ण दूध लगेच मापू नका. गार होऊ द्या, थर्मामीटर लावून बघा, मग लॅक्टोमीटर सोडा. ऊन दुधात ही काडी खालीच जाते. चांगल्या माणसाला चोर ठरवाल." वर्ग हसला. मी वहीत मान घातली. बाकीच्यांचं दूध वाडीवस्तीवरून तासभर चालत यायचं, वाटेत निवायचं. तुमचं तेवढं पळत यायचं.

परत आलो, त्याच शनिवारी तुम्ही दारात. एसटीत सगळं जुळवून ठेवलं होतं, काय बोलायचं, कसं हात जोडायचे. तोंडातून निघालं ते वेगळंच. "जावा मावशी. माझ्या मनात आता काही नाही. सोमवारपासून दूध आणा. फक्त चरवी अर्धा तास सोसायटीच्या पायरीवर पाण्याच्या घमेल्यात ठेवत जा, गार होऊ द्या. नवा नियम आलाय." म्हणजे माफी मागायची होती मी, आणि देऊन बसलो. तुमचा चेहरा जत्रेत बांगड्या मिळालेल्या पोरीसारखा झाला. जाताना तुम्ही फाटकापाशी थांबलात, मागं वळून माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "गार करून. बरं, दादा." त्या सोमवारी काडी जिथं थांबायला हवी तिथं थांबली. तुम्ही काडीकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघून हसलात.

त्या हसण्यावर माझा आजही संशय आहे. तुम्हाला कळलं असणार. कळलं असूनही तुम्ही मला सचिवाच्या खुर्चीत तसंच बसू दिलंत. पुढं दोन वर्षांनी तुम्हाला माती द्यायला आलो तेव्हाही मी हेच मनात घोळवत उभा होतो. कळलं नसेल तर तुम्ही भोळ्या; कळलं असेल तर मला न मागता माफी मिळालीय, आणि ती कुठं ठेवायची हे मला या वयातही सुचत नाही.

हे कागद घडी करून फडताळात ठेवतो. तिथं एक वस्तू आहे, तिच्याजवळ. सोसायटीच्या त्या खोक्यात लॅक्टोमीटरबरोबर दुसरीही एक काडी निघाली होती, आत पारा असलेली. मला वाटलं ताप बघायची असेल, म्हणून घरी आणून ठेवली होती. दुधाच्या गाडीबरोबर रोज एक जाणता माणूस यायचा. ही कशाची, एवढं त्याला विचारलं असतं तरी भागलं असतं. विचारायची मला लाज वाटली, मावशी.