झाकण लावण्याआधी

४ सप्टेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर आईच बोलते आणि तुमच्या वाट्याला ‘बरी आहेस ना’ एवढंच येतं, म्हणून हे पत्र. बरी नाही.

बायोमेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला निम्मा वेळ प्रयोगशाळेत जातो. सध्या जंतू वाढवायला शिकवतात. चपट्या डबीत जेली ओतायची, तिला प्लेट म्हणतात. जेलीवर जंतू सोडायचे, झाकण लावायचं आणि अंगाइतक्या उबेत दोन दिवस ठेवायचं. शेजारी एक प्लेट कोरी ठेवायची. तिच्यात नुसती जेली. तिच्यावर काहीही उगवायचं नाही, एवढीच तिची नोकरी. माझ्या कोऱ्या प्लेटवर दर आठवड्याला बाग फुलते.

शेजारच्या टेबलावरच्या चष्मिसची प्लेट आरशासारखी निघते. मॅडमनी मला हात धुवायला सांगितलं, मग नखं कापायला सांगितलं, आता काही सांगायचं उरलं नाही म्हणून नुसत्या बघतात. मी टेबल दोनदा पुसते. तुमच्या दुकानात घड्याळाचं झाकण लावताना देवाचं नाव घ्यायची सवय आहे, तेही चुकवत नाही. अजून काय राहिलं ते कळवा. आईला सांगू नका.

तुमची लाडकी,
लोलक


९ सप्टेंबर

चि. लोलक हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईला सांगितलं नाही. ती शेजारच्या काकूंना तू डॉक्टर होणार असं सांगते. मी दोनदा दुरुस्त केलं, आता सोडून दिलंय. काकू गुडघा घेऊन तुझी वाट बघत आहेत.

माझं शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. जंतूंचा धडा होता, पण त्या दिवशी मास्तर आजारी होते. तेव्हा जंतूंबद्दल मी काय सांगणार? झाकणाबद्दल मात्र सांगू शकतो. तीस वर्षं घड्याळांची झाकणंच लावतो आहे. बिघाड आत नसतो तेव्हा तो झाकण लावणाऱ्याच्या घाईत असतो. मला वाटतं, तू देवाचं नाव उरकत असावीस. सावकाश घे. प्लेटजवळ वाकून, मनापासून घे. मग बघ.

जेवत जा. काळजी करायला इकडे मी मोकळाच आहे.

तुझे,
बाबा


१८ सप्टेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं वाकून, सावकाश, मनापासून नाव घेतलं. बाग दुप्पट झाली. मॅडम ठिपके मोजायला बसल्या आणि दोनशेनंतर त्यांनी नाद सोडला.

बुधवारी त्या माझ्या खांद्याशी उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोर नाव घ्यायची लाज वाटली, म्हणून मुकाट्याने झाकण लावलं. ती प्लेट स्वच्छ निघाली. त्यावर त्या म्हणाल्या की, कोणी बघत असलं की मी नीट वागते आणि पाठ वळली की गबाळेपणा करते. आता २९ तारखेला एकटीने तीन कोऱ्या प्लेट लावायच्या. एकीवर जरी ठिपका आला तरी प्रयोगशाळा बंद. म्हणजे वर्ष गेलं.

बाबा, नाव घेतलं की घाण, नाही घेतलं की स्वच्छ. याचा अर्थ मी काय लावायचा? चष्मिस म्हणते की, यात लावण्यासारखं काही नाही, समोर दिसतंय ते मान्य कर. तुमच्यावर राग नाही. पण २९ला मी नाव घेणार नाही. कदाचित नंतरही नाही. तुम्हाला न सांगता सोडणं बरं वाटेना, म्हणून लिहिलं.

तुमची,
लोलक


२३ सप्टेंबर

चि. लोलक हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. देवालाही विचारलं. तो त्याच्या सवयीप्रमाणे गप्प राहिला.

आज पोस्टमास्तरांचं घड्याळ झालं. झाकण लावायला घेतलं, वाकलो, नाव घेतलं आणि फुंकर मारली. हात तिथेच थांबला. आत धूळ राहू नये म्हणून तुझे आजोबा नाव आणि फुंकर एकाच श्वासात उरकायचे. मी त्यांचं बघून शिकलो. तू तीन वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून शिकलीस, तेव्हा तुझ्या फुंकरीने स्क्रू उडायचे. माझ्या लेखी ही दोन कामं कधी नव्हतीच. तुझ्याही नसावीत.

पोरी, तू त्या जेलीवर फुंकतेस. मॅडमसमोर नाव घेतलं नाहीस, म्हणून फुंकरही राहिली. आणि मी शहाण्यासारखं तुला आणखी जवळ वाकून फुंकायला सांगितलं.

नाव घ्यायचं की नाही हे तू ठरव. घेतलंस तर तोंड मिटून घे. ऐकायला त्याला वारा लागत नसावा, असा माझा समज आहे.

फोन केला असता, पण आई शेजारीच असते. तुझी थुंकी काकूंपर्यंत गेली असती. पत्र पोस्टमास्तरांच्या हातात दिलंय. २९च्या आत पोचवलं नाहीत तर घड्याळ पुन्हा उघडीन, असं त्यांना बजावलंय.

तुझे चुकलेले,
बाबा


१ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र २८ला मिळालं. पोस्टमास्तरांना नमस्कार सांगा.

तिन्ही प्लेट लावल्या. तिन्ही वेळा नाव घेतलं, तोंड मिटून. तिसऱ्या वेळी गाल आपोआप फुगले. फुंकर गिळली, तर उचकी लागली. ती दाराबाहेर जाऊन काढली.

आज प्लेट काढल्या. काही नाही. इतकं स्वच्छ ‘काही नाही’ मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मॅडमना खरं कारण सांगितलं. त्या अजिबात हसल्या नाहीत. शेजारच्या खोलीत गेल्या आणि तिथे हसल्या, भिंत पातळ आहे. माझी जुनी प्लेट त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवायला ठेवून घेतली आहे.

आणखी एक. ते जंतू तोंडातलेच निघाले. मॅडम म्हणाल्या की, त्यातले पुष्कळसे लहानपणी घरच्या माणसांकडूनच मिळतात. म्हणजे आजोबांपासूनचे असतील. दोनशेच्या पुढे मोजायला हवे होते.

सोबत एक रबरी फुगा पाठवते आहे. दाबला की वारा येतो. तो गिऱ्हाइकांच्या घड्याळांसाठी. माझं घड्याळही पाठवते आहे, रोज चार मिनिटं मागे पडतं.

तुमची, पास झालेली,
लोलक


९ ऑक्टोबर

चि. लोलक हिस अनेक आशीर्वाद.

फुगा पोचला. आता सगळ्या घड्याळांना तोच वापरतो. नाव मनात घेतो. सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं झालं, आता जमतं. आईला अखेर सांगावं लागलं. तिचं म्हणणं असं की, तीस वर्षं मी लोकांच्या मनगटांवर थुंकी बांधत आलो. हे भिंतीपलीकडे ऐकू गेलं. काकूंनी गुडघ्यासाठी दुसरा डॉक्टर बघितला आहे.

तुझं घड्याळ झालं. एका चाकाच्या दातात कचरा होता. झाकण लावायच्या आधी फुगा हातात घेतला, जरा वेळ धरला आणि खाली ठेवून दिला. तेव्हा प्रयोगशाळेत जाताना ते काढून ठेवत जा.

मागे पडणार नाही. आत काही उगवलं तर कळव.

तुझे,
बाबा