कागदावर घरी

निजामपुरा, बडोदे
१७ फेब्रुवारी २०२५

ति. दादा,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो ना? वहिनीने सांगितलेल्या जांभळ्या दोऱ्यासाठी मांडवीच्या बाजारात दोनदा हेलपाटे घातले, पण सगळे वांगी रंगाचा काढून दाखवतात आणि वर 'बेन, आ ज छे', हाच तो, म्हणून पटवतात. मी नाही घेतला. तिला म्हणावं, अहमदाबादला बघ.

ओव्हरटाइमच्या कायद्याचा मसुदा पोचला. 'श्रीकृष्णरावांना वाचायला दे, बंब चालवणाऱ्या माणसाचं मत हवंय' असं तू लिहिलंयस. ह्यांनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. मीच वाचला.

अग्निशमन दल, तुरुंग, पोलीस, सगळ्यांना जादा कामाचा मोबदला मिळणार हे चांगलंच झालं. पण ते सातवं कलम कोणी लिहिलं रे? जादा तासांसाठी वरिष्ठांचा आगाऊ लेखी हुकूम हवा म्हणे. आग लागायच्या आधी हुकूम कोणाकडून आणायचा? आणि त्याच कलमात खाली, हजेरीपुस्तकातली वेळ अंतिम मानली जाईल. तुमच्या गांधीनगरच्या कचेरीतल्या एकाने तरी फायर स्टेशनात कधी एक दिवस काढलाय का?

तिथली रीत मी सांगते. बदलीचा माणूस आल्याशिवाय ड्रायव्हर बंब सोडत नाही. चावी खिळ्याला अडकवून कोणी घरी जात नाही, ती हातातून हातात द्यायची. बदलीवाल्याला उशीर झाला, तर त्याचा खाडा पडू नये म्हणून थांबलेला माणूस त्याची सही ठोकून देतो आणि स्वतःची सुटल्याची करतो. पुस्तक अगदी स्वच्छ. आज तू माझ्यासाठी, उद्या मी तुझ्यासाठी, असंच वर्षानुवर्षं चाललंय. साहेबांनाही माहीत असतं, तेही बघत नाहीत.

आता सावली गावाच्या रस्त्यावरच्या अपघाताबद्दल. फोनवर तुला सांगितला होता, पण नीट सांगितला नव्हता.

त्या सकाळी ह्यांची रात्रीची ड्युटी संपली होती. बदलीला पीयूष यायचा होता. तो निघायच्या वेळेलाच त्याच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. हे त्याला म्हणाले, "तू बापाजवळ थांब, मी आहे." त्याची आल्याची सही केली, आपली सुटल्याची केली आणि थांबले. दुपारी सावलीकडच्या एका कारखान्यात आग लागली. ती विझवून परतताना, ऊन उतरायच्या सुमाराला, ह्यांचा डोळा लागला. बंब नाल्याच्या कठड्यावर जाऊन आदळला. शेजारी फायरमन अभिजित बसला होता, त्याची मांडी मोडली. तो अजून खाटेवर आहे.

तुला मी एवढंच सांगितलं की कागदावर हे घरी होते आणि चौकशीत ह्यांना कोणी बोलावलेलं नाही. तू विचारलंस, "मग कागदावर बंब कोण चालवत होतं?" मी म्हणाले, माहीत नाही. मला माहीत होतं, दादा. कागदावर पीयूष चालवत होता.

तू म्हणालास, कागदावर घरी आहेत तर घरीच राहू द्या, आपण होऊन तोंड उघडू नका. ह्यांनाही फोनवर तेच सांगितलंस. तुझा शब्द ह्यांनी कधी मोडलाय? गप्प बसले. मला सुटल्यासारखं वाटलं. दिवाळीनंतर हे निवृत्त होणार, आणि आता ऐनवेळी पेन्शनवर गदा आली तर, एवढंच डोक्यात घुमत होतं. पीयूषचं काय होणार हे मी बघितलं नाही. मला बघायचंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात पीयूषला सस्पेंड केलं. त्याच संध्याकाळी तो घरी आला. हे बाजारात गेले होते. दारातच म्हणाला, "काकी, काकाने कहेजो चिंता ना करे. मारी तो हजी घणी नोकरी बाकी छे." त्याच्या घरी आजारी बाप आहे, वर्षाची मुलगी आहे, आणि हा मला सांगतोय, काकांना म्हणावं चिंता करू नका, माझी अजून पुष्कळ नोकरी बाकी आहे. मी त्याला चहा दिला. साखर कमी नाही ना, असं विचारलं.

काल अभिजितला डबा घेऊन गेले. तोही हळूच म्हणाला, "काकू, जबाबात मी पीयूषभाईचंच नाव सांगितलंय. तुम्ही निर्धास्त राहा." सोपवलेलं काम चोख केल्यासारखं सांगत होता. मांडीत सळी घातलेला मुलगा मला धीर देत होता. मला माझीच इतकी लाज वाटली की त्याच्याकडे बघवेना.

घरी आले आणि ह्यांना सांगून टाकलं, दादाला मी अर्धंच सांगितलं होतं, पीयूषचं नाव त्याच्या कानावर घातलंच नव्हतं. मला वाटलं, आता आदळआपट होणार. हे एवढंच म्हणाले, "मी समजलो दादांना सगळं ठाऊक आहे. सगळं ठाऊक असून ते गप्प राहा म्हणतायत, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल."

इतके दिवस हा माणूस नीट जेवत नव्हता, आणि मी त्याला ॲसिडिटीची गोळी देत होते.

उद्या सकाळी हे चौकशी अधिकाऱ्यांकडे जाणार आहेत. बंब मी चालवत होतो, दोन्ही सह्या माझ्या आहेत, असं लिहून देणार. मीही बरोबर जातेय, बाहेर बसून राहीन. पेन्शन राहील की जाईल, ठाऊक नाही. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पीयूषची नोकरी वाचेलच असंही कोणी छातीठोक सांगत नाही, कारण त्याच्या नावाची सही चालवून घेतली म्हणून तोही अडकेल. सातव्या कलमाचं मात्र तू बघ. ते आहे तसं पास झालं, तर पुस्तकात सही असलेल्या पुढच्या पीयूषला आपण नव्हतो हे सांगायची सोयच उरणार नाही.

वहिनीला नमस्कार. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, ह्यांना काही बोलू नकोस.

हे पत्र कुरियरने पाठवतेय. तुझ्या हातात पडेल तेव्हा ह्यांचा जबाब होऊन गेलेला असेल. फोन मी मुद्दाम केला नाही. तू नुसतं "वसू, जरा थांब" म्हणाला असतास, आणि मी थांबले असते.

तुझी धाकटी,
वसुंधरा